आईची गोळी आणि चांदीचा पान्हा

मी शाळेत विज्ञान शिकवतो. स्टाफरूममध्ये कुणी भुताखेतांचे किस्से सुरू केले की मी वह्या तपासायला घेतो... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलं ते असं.

आमचं गाव माजलगाव धरणाजवळ. घरात अप्पा, आई, मी — आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस, चांदी. गेल्या वर्षी चांदी नुकतीच व्यालेली होती, तेव्हाच आई हळूहळू गप्प झाली. दिवसभर गल्लीशी भांडणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवण नाही, झोप नाही. एकदा म्हणाली, "आता बास वाटतंय रे मला." दुसऱ्या दिवशी तिला बीडला मानसोपचारवाल्या मॅडमकडे नेलं. गावात मात्र 'डोळे दाखवायला' असं सांगितलं, आमच्याकडे सगळे तेच सांगतात.

अप्पांनी मॅडमना सगळं विचारून घेतलं. हे वेड आहे का? गोळ्यांची सवय लागते का? जन्मभर घ्यायच्या का? मॅडम म्हणाल्या, हा आजार आहे आणि बरा होतो. या गोळ्यांची तंबाखूसारखी चटक लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत, वेळ आली की मीच हळूहळू कमी करेन. तंबाखूचं नाव निघताच अप्पांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

काही आठवड्यांनी आई उठून बसली. मग जेवायला लागली, मग भांडायला लागली. तिचं पहिलं भांडण ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

...आणि एका सकाळी चांदीनं पान्हा चोरला. अप्पा धारेला बसले, रेडकू लावलं, पेंड ठेवली, पण थेंब नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. जनावरांच्या डॉक्टरांना काही सापडेना. त्यांनी इंजेक्शन भरायला घेतलं तशी आई मधे पडली.

"तिला सुई नका टोचू. म्याच गोळी बंद केली हाय. बरं वाटतंय तर कावून खायाची? कुणाला न्हाई सांगितलं... हिलाच तेवढं बोललते."

डॉक्टरांनी सुई परत पिशवीत ठेवली. त्या रात्री आईनं गोळी घेतली, सकाळी बादली भरली. मी म्हणालो, योगायोग! आई गोठ्यात वावरते, तिची घालमेल जनावराला जाणवत असेल.

मग आई भाचीच्या लग्नाला गेवराईला गेली. दुसऱ्या सकाळी इकडे चांदी ठप्प. अप्पांनी बादली बाजूला ठेवली आणि मला फोन लावायला सांगितलं.

"आई, रात्री गोळी घेतली का?"

आई हळूच म्हणाली, "न्हाई रे. समद्या बायांत कशी खाऊ? इचारतील ना, कशाची हाय म्हणून... तुला कुणी सांगितलं?"

"चांदीनं."

ती इतकी हसली की मामी धावत आली. आईनं तिथंच सगळ्यांना सांगून टाकलं, मनाच्या आजाराची गोळी चालू आहे म्हणून. दोन बायांनी नंतर हळूच मॅडमचा पत्ता मागून घेतला. रात्री तिनं गोळी घेतली, आणि सकाळी चांदीनं दूध दिलं.

इथं माझं विज्ञान अडतं. गेवराई कुठं आणि आमचा गोठा कुठं! शिवाय यावेळी चांदीशी कुणी बोललेलंही नव्हतं.

यंदा मॅडमनी कमी करत करत गोळी पूर्ण थांबवली. आई ठणठणीत होती, तरी मला भीती वाटत होती... पुन्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली तर? गोठ्यात कुणी अवाक्षर काढायचं नाही, अशी मी सक्त ताकीद दिली — प्रयोग म्हणजे प्रयोग! गोळीविना पहिली रात्र गेली, सकाळी तिघंही गोठ्यात. चांदी आटत आलेली. आई स्वतः धारेला बसली. चांदीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं... आणि पान्हा सोडला.

आईनं म्हशीच्या कुशीला डोकं टेकवलं आणि रडायला लागली. अप्पा घाबरून म्हणाले, "काय झालं?"

"काय न्हाई," आई म्हणाली. "बरी झाले मी."

लपवून चुकवलेली गोळी आणि मॅडमनी थांबवलेली गोळी, यातला फरक म्हशीला कसा कळला ते मला आजही सांगता येत नाही. गावात अजून कुणी आईच्या डोळ्यांची चौकशी करतं. अप्पा सांगतात, डोळे चांगलेच होते, मन आजारी होतं, आता बरं आहे.