कडुलिंबाचा डहाळा

तमिळ मुलखातल्या या गावी, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत दर बुधवारी लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांची भाषा तमिळ, पण आम्हा मराठी घरांत हिंडून मराठीही आली. इंजेक्शनला मात्र त्या ‘ऊसि’च म्हणतात. ख्यालीखुशाली विचारत नाहीत. दारातूनच हाक येते, “माणसं किती, कार्डं किती?” टोचताना मोठ्यांना आधी बसवतात. “मोठा ओरडला नाही तर छोटा बसतो,” हे त्यांचं शास्त्र.

मी कॉलेजात शिकवतो. तरी माझी धनुर्वाताची ऊसि आणि मुलीचा गोवराचा दुसरा डोस, दोन्ही ‘पुढच्या बुधवारी’ म्हणत राहून गेले होते.

गेल्या महिन्यात समोरच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. इथे त्याचा अर्थ एकच: घरातल्या पोराला गोवर आलाय, म्हणजे अम्मा, देवी आलीय; बाहेरच्याने आत जायचं नाही. अक्का आता तिथे वाद घालणार, असं मला वाटलं. त्यांनी रस्त्यातच चपला काढल्या, डहाळ्याला हात जोडले. ताप कधीपासून, ते बाहेरूनच विचारलं, डॉक्टरांना पाठवते म्हणाल्या आणि वळून थेट आमच्या दारात आल्या.

“अक्का, पुढच्या बुधवारी...” मी सुरुवात केली.

“अम्मा बुधवार बघून येत नाही, सार. तुम्ही आधी बसा.”

मी बाही वर केली. मुलगी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.