दाढेचा दाखला

दातांच्या डॉक्टरीणबाईंना घरात सगळे ‘चौकशी खिडकी’ म्हणत. पेशंटच्या तोंडात आरसा आणि दोन बोटं घालून त्यालाच प्रश्न विचारायची त्यांना दांडगी हौस. मुलीचं जमलं का, बदली कुठं झाली, शेजारी अजून भांडतात का? बिचारा नुसता ‘आ’ करायचा आणि बाई त्यातूनही उत्तर बरोबर काढायच्या. तीस वर्षांत अर्ध्या गावाच्या दाढा आणि जवळपास तेवढीच गुपितं त्यांच्या हाताखालून गेली होती.

महिन्यातून दोनदा त्या तुरुंगात कैद्यांचे दात बघायला जात. एका सकाळी तिथले कारकून म्हणाले, “आज फाशीवाला आहे. दाढ ठणकतेय त्याची.”

बाईंच्या अंगावर काटा आला. शाळेतून घरी निघालेल्या दोन भावंडांचा त्यानं जीव घेतला होता. त्याला दया दाखवू नका, फाशीच द्या, असा गावानं अर्ज केला तेव्हा नणंद कागद घेऊन थेट दवाखान्यात आली होती. पेशंट खुर्चीत असतानाच बाईंनी हातमोजा काढून सही ठोकली होती. चार हजार सह्यांतली ती एक.

तरी खरं सांगायचं तर भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती. असल्या माणसाचं तोंड आतून असतं तरी कसं?

तोंड चारचौघांसारखंच निघालं. खालची उजवी दाढ पार मुळापर्यंत किडलेली, तिच्या शेजारच्या दाढेत जुनी चांदी, अगदी नीट भरलेली.

“ही कुणी भरली?” बाईंनी सवयीनं विचारलं.

“आईनं नेलं होतं, आठवीत असताना,” तो म्हणाला. “डॉक्टरांना चावलो होतो मी.”

बाईंना हसू फुटलं, आणि फुटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

बाहेर येऊन त्या कारकुनांना म्हणाल्या, “काढूनच टाकते. पाच मिनिटांचं काम.”

“तो नको म्हणतोय. वाचण्यासारखी असेल तर वाचवा. आणि झालं की उपचार पूर्ण झाल्याचा दाखला द्या.”

“दाखला कशाला?”

“दयेचा अर्ज फेटाळलाय. आता तारीख ठरेल. आजारी माणसाला फाशी देत नाहीत, बाई. आधी बरं करतात.”

“दाढेसाठी थांबतात?”

“कागद अपुरा असला की थांबतात.”

जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, “मारायचंच आहे तर बरं कशाला करायचं?”

“सही तूच केलीस ना? मग आता कसली चौकशी?”

“तेव्हा दाढेचं कुणी विचारलं नव्हतं,” बाई म्हणाल्या आणि भाजी वाढून घ्यायची विसरल्या.

मुळांचं काम तीन खेपांचं. दुसऱ्या खेपेला दाढेत तात्पुरतं सिमेंट भरून झाल्यावर बाईंच्या तोंडून रोजचं वाक्य निसटलं, “सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा.” दारातला शिपाई जमिनीकडे बघायला लागला. तो मात्र नुसतं “बरं” म्हणाला. बाईंचे कान तापले.

तिसऱ्या खेपेला काम उरकलं आणि कारकुनांनी दाखला पुढं सरकवला.

“अजून टोपी बसवायची आहे,” बाई म्हणाल्या. “टोपीशिवाय अशी दाढ फुटते. टोपी बनून यायला दहा दिवस लागतील.”

“आणि नाही बसवली तर कधी फुटेल?”

“वर्षा-दोन वर्षांत.”

कारकून त्यांच्याकडे बघतच राहिले. मग कागदावर ‘दहा दिवस’ असं लिहून त्यांनी फाइल मिटली. हे दहा दिवस आपण दाढेसाठी मागितले, त्या माणसासाठी की स्वतःसाठी, हे बाईंना सांगता आलं नसतं.

त्या दहा दिवसांत मेलेल्या मुलांची आई दात साफ करून घ्यायला दवाखान्यात आली. बाईंनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. ती गेल्यावर त्या हात धुवायच्या बेसिनपाशी उभ्या राहून रडल्या.

टोपी छान बसली. “उंच लागतेय का?” त्यांनी विचारलं. त्यानं दोनदा दात चावून बघितले आणि ‘नाही’ अशी मान हलवली.

मग दाखला आला. त्यावर चार हजार नाही, एकाच सहीपुरती जागा होती. त्याला फाशी व्हावी असं बाईंना अजूनही वाटत होतं. तो कागद आपल्या अक्षरात नसावा, असंही तितकंच वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, पण विचारायचं कुणाला? दाढ ठणठणीत होती. खोटं लिहिणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी सही केली.

कारकुनांनी कागद उजेडात धरला. “सही वाचता येत नाही हो, बाई. परत करावी लागेल.”

त्यांनी कोरा दाखला समोर ठेवला. बाईंनी पेन उचललं आणि एकेक अक्षर सुटं काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं.