हेल्मेटातलं वाक्य

बोलायच्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तो चिडूनच. उमरग्याच्या दवाखान्यात आम्हा नवरा-बायकोच्या तपासण्या झाल्या आणि मूल न होण्याची अडचण माझ्यात निघाली. उपचार सुरू करायच्या आधी डॉक्टर म्हणाले, शेजारच्या खोलीत समुपदेशक बाईंशी बोलून या. मी शाळेत मास्तर, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. मला बोलायला शिकवणारी ही कोण?

बाईंनी गोळी दिली नाही की सुई टोचली नाही. बायकोला एवढंच विचारलं, "घरी कसं चाललंय?" लग्नाला सहा वर्षं झाली, पण माझ्यासमोर कधी डोळ्यात पाणी न आणलेली माझी बायको ढसाढसा रडायला लागली. घरात सगळ्यांनी तिलाच वांझ ठरवलं होतं. आईनं तर माझ्यासाठी दुसरी पोरगी बघायची भाषा चालवली होती. आणि रिपोर्ट खिशात घालून मी मूग गिळून बसलो होतो! लाज वाटली, लई वाटली.

"घरी कोण सांगणार?" बाईंनी विचारलं.

"सांगतो की. दोष माझ्यात हाय म्हणून."

"दोष नाही, अडचण म्हणा. आणि मला सांगू नका. या खुर्चीत तुमच्या आई बसल्यात असं समजा."

रिकाम्या खुर्चीसमोर माझी बोबडी वळली. चाळीस पोरांना दरडावणारा गडी मी, घाम फुटला राव. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घाई नाही, सराव करा. पण सांगायचं तुम्हीच."

मग मी सराव धरला. दवाखान्यात जाता-येता हायवेवर ट्रकांचा नुसता गोंगाट. मागं बायको बसलेली असायची, आणि मी हेल्मेटात तोंड घालून पुटपुटायचो, "मूल होत न्हाय ती अडचण माझी हाय, तिची न्हाय." चार महिने हेच. घरात शिरलं, आई दिसली की मी गुपचूप वह्या तपासायला बसायचो.

अशात धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण आलं. अंगणात मांडव, फुलांनी सजवलेला झोपाळा, गावभरच्या बाया. ओटी भरायची वेळ झाली. बायको हौसेनं नवं लुगडं नेसून ताट घेऊन पुढं झाली, तर आईनं हात आडवा घातला. "लेकुरवाळ्यांनी पुढं या. तू थांब मागं."

ती मागं सरली. ताट तसंच हातात. मी पंगतीसाठी पत्रावळ्या मोजत होतो. माझं डोकं असं सणकलं म्हणता! पत्रावळ्या टाकल्या आणि तडक बायांच्या घोळक्यात शिरलो.

"आई! मूल होत न्हाय ती अडचण माझी हाय! तिची न्हाय! डॉक्टरचा कागद हाय माझ्यापाशी!"

सराव हळू आवाजाचा होता, निघालं ते शाळेच्या प्रार्थनेच्या आवाजात. "अय्यो," आई तिच्या माहेरच्या कानडीत पुटपुटली आणि मटकन पाटावर बसली. माझी छाती अशी मोकळी झाली होती की मला तिथंच नाचावंसं वाटलं.

झोपाळ्यावरची बहीण म्हणाली, "वहिनी, या की लवकर. बसून बसून माझी कंबर मोडली."

आईनं वर बघितलं नाही. हातातला ओटीचा नारळ तेवढा बायकोपुढं धरला. बायकोनं तो घेतला आणि बहिणीची ओटी सगळ्यांच्या आधी भरली. तांदळाचा एक दाणा खाली पडला नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी दवाखान्याची तारीख होती. उपचाराचं काय होणार ते तेव्हाही ठाऊक नव्हतं. पण बाईंना कधी एकदा सांगतो असं झालं होतं, मी गाडी दामटत होतो. हायवेला लागलो तशी बायकोनं मागून खांद्यावर थाप मारली.

"अवो, आज गप का?"

"म्हंजे?"

"चार महिने हेल्मेटात बडबडत होता, मला ऐकू येत न्हवतं व्हय?"

मी गाडी बाजूला घेतली. "मग बोलली का न्हाईस?"

"वाट बघत होते," ती म्हणाली. "आता हेल्मेट काढा, आन् एकदा माझ्याकडं बघून म्हणा."




मी हेल्मेट काढलं आणि तिच्याकडं बघून ते वाक्य म्हटलं.