रोबोपुढचा नारळ

पॉपकॉर्नचा लोण्यासारखा वास आला की चिंचवडचा तो दुपारचा शो आठवतो. रोबोंच्या मारामारीची ती सिनेमामालिका शेवटी शेवटी फार रटाळ झाली होती. तरी तिच्यातूनच निघालेला नवा, वेगळा सिनेमा बघायला कंपनीतल्या माझ्या लाईनवरचा वेल्डर मला ओढून घेऊन गेला. "चला की राव, ह्यात एकच रोबो हाय अन् एक पोरगी." सिनेमा खरंच चांगला निघाला. डोळे पुसत तो म्हणाला, "असला आपल्या लाईनवर आला तर चहा पाजीन त्याला." मी हसलो. त्याच्याच जागी वेल्डिंगचा रोबो बसणार आणि त्याला कामावरून कमी करणार, हे सुपरवायझर म्हणून मला ठाऊक होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर त्याने दुसरीकडे काम बघितलं असतं. पुढच्या आठवड्यात चाकणच्या आमच्या कंपनीत रोबो आला. नव्या मशीनपुढे नारळ त्या वेल्डरनेच हौसेने फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला. संध्याकाळी त्याला कमी केल्याचं मीच सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "थेटरात बसलो तेव्हा ठाऊक होतं का तुम्हाला?" मी म्हणालो, "नाही." आजही मोशीच्या रस्त्यावर तो समोरून येताना दिसला, की मी गाडी आतल्या गल्लीत वळवतो.