एकोणसाठनंतर ऐंशी

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाई — सख्ख्या भावाले बी नाई. तुमाले काऊन सांगून राह्यलो, ते मलेच समजत नाई.

माही बायको सुमन. रोहण्याले आमची भाजीची वाडी हाय. वांगे, मेथी, पालक — सारं तिच्याच हातचं. मागच्या साली तिचं बीपी वाढलं. आर्वीच्या डॉक्टरनं गोळी देल्ली, अन् एक व्यायाम सांगतला — भिंतीले पाठ लावून, खाली खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यावानी बसाचं. हलाचं नाई, श्वास रोखाचा नाई. दोन मिनिटं. मंग आराम, मंग पुन्हा — असं चारदा.

मी म्हनलो, मोबाईलवर वेळ लावतो. ती म्हने, "नोको बाप्पा, तुमीच मोजजा. तुमचा आवाज असला का मले धीर येते." सांगा — तीस वर्षांच्या संसारानंतर बायको असं म्हनली, त मानूस पाघळन का नाई? मी पाघळलो. एकशे वीसपर्यंत मोजाले बसलो.

अन् मंग... कसं सांगू? एकोणसाठ म्हनलं का मी सरळ ऐंशीवर. एकोणनव्वद झाले का एकशे दहा! ती डोळे मिटून, दात आवळून बसलेली — ती कायले आकडे तपासते?

तिची दया आली म्हनून केलं, असं म्हनाले सोपं हाय. पण खोटं हाय ते. मले चहा पाहिजे होता. ती उठल्याबिगर आमच्या घरी चहा होत नाई. बस, एवढंच.

दोन महिन्यानं बीपी तेवढंच निघालं. डॉक्टरनं गोळी वाढवली. येताना एसटीत ती हळूच म्हने, "माह्यंच काही चुकत असन. तुमी त बिचारे बसून मोजता." तवाच बोलाले पाहिजे होतं ना? मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून बरोबर मोजून राह्यलो, एकही आकडा न गाळता. परवा तिचे पाय थरथरले, कपाळावर घाम आला. म्हने, "आजकाल दोन मिनिटं भल्ले लांबले हो." माहा जीव तुटला तिच्यासाठी, खरंच. सांगूनच टाकावं म्हनून तोंड उघडलं — अन् निघालं काय?

"वय झालं सुमन तुह्यं."

तिनं खरं मानलं. "हो ना," म्हने, अन् पुन्हा भिंतीले पाठ लावली.