फिरत्या मशीनवर हातमोजा नको

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. फोरमन तिचा सख्खा धाकटा दीर. तो वहिनी म्हणायचा म्हणून बाकीचेही म्हणू लागले. वडिलांच्या वयाचे मालकसुद्धा तिला वहिनीच म्हणत आणि तिला त्याचं हसू येई.

पाइप जोडायच्या पोलादी चकत्या तिथे बनत. त्या चकत्यांना भोकं पाडायचं काम वहिनीचं. ऐकायला सोपं वाटतं, पण भोक केसभर सरकलं की चकती भंगारात. वहिनीच्या चकत्या सहसा भंगारात जात नसत. चकती शिकंज्यात आवळायची, ड्रिल खाली आणायचं, वरून ड्रिल थंड ठेवणारं दुधासारखं पांढरं कूलंट सोडायचं, लोखंडाचा कुरळा किस ब्रशने झाडायचा आणि पुढची चकती घ्यायची. दिवसभर हात त्या पांढऱ्या पाण्यात.

त्याच पाण्याने तिचे हात खाल्ले. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग पुरळ आलं, मग तळहाताला भेगा पडल्या. कणीक मळायला गेली की मीठ झोंबायचं. लेकीची वेणी घालताना केस भेगांत अडकायचे. लेक म्हणायची, “आई, तुझे हात टोचतात गं.” मग तिने स्वतःच स्वतःची वेणी घालायला शिकून घेतलं. हे वहिनीला भेगांपेक्षा जास्त लागलं.

डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, “कामावर हातमोजे घाला. नाहीतर काम सोडा.”

काम सोडायचा प्रश्नच नव्हता. तिच्या नवऱ्याने, तो शाळेची बस चालवायचा, त्याच संध्याकाळी जाड कापडाचे, तळहाताला रबर लावलेले हातमोजे आणले. दुसऱ्या दिवशी ते घालून ती मशीनवर उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हाताची आग झाली नाही. तिला वाटलं, एवढंच तर हवं होतं!

दीर लांबून पाहत होता. तो तरातरा आला, आधी मशीन बंद केली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “काढा ते.”

“अहो भाऊजी, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डॉक्टरांनी ड्रिल पाहिलंय का कधी? वहिनी, उघड्या हाताला ड्रिल लागलं तर कातडं जातं. हातमोज्याचा एक धागा अडकला तर अख्खा हात आत जातो. चकत्या उचलताना घाला, मी नाही म्हणत नाही. मशीन फिरताना नाही म्हणजे नाही.”

तिने हातमोजे काढले. शेजारच्या लेथवाल्याने मान फिरवली, पण त्याच्या ओठांवरचं हसू तिला दिसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

दीर आणि हे नवरा-बायको एकाच घरात राहत. मधे फक्त एक भिंत. त्या संध्याकाळी ती भिंतही नसल्यासारखी झाली.

“तुला तुझी मशीन प्यारी,” नवरा भावाला म्हणाला. “तिचे हात बघ एकदा, मग बोल.”

“रोज बघतो, दादा.”

“बघून काय उपयोग? ती माझी बायको आहे, तुझ्या कारखान्यातला नट-बोल्ट नाही.”

“म्हणूनच सांगतोय!” दीर ओरडला. आजवर त्याने मोठ्या भावापुढे आवाज चढवला नव्हता. वहिनी मधे उभी होती. एकाची बाजू घेतली तर दुसरा तुटणार, म्हणून ती गॅसवरचं दूध बघायच्या निमित्ताने आत गेली. दूध उतू गेलेलं होतंच.

त्यानंतर दोघे भाऊ बोलेनासे झाले. जेवताना एकमेकांना हवं-नको विचारायचं तर ते वहिनीच्या मार्फत. “त्याला विचार, भाजी हवी का.” समोर बसलेल्या माणसाला! दुसऱ्या कुणाच्या घरात असतं तर वहिनी पोट धरून हसली असती.

दिराने गप्प राहून एक मात्र केलं. त्याने मालकांकडे कूलंट बदलायची मागणी केली. मशीनच्या टाकीतलं ते पांढरं पाणी जुनं झालं होतं, त्याला वास येत होता. मालक म्हणाले, “बघू.” त्यांचं ‘बघू’ सगळ्यांना ठाऊक होतं.

मग वहिनी चोरून हातमोजे घालू लागली. दीर गोदामात गेला की चढवायचे, त्याची चाहूल लागली की काढून खिशात कोंबायचे. चोरीने हाताची आग कमी झाली, पण छातीतली धडधड वाढली. एकदा किस झाडताना हातमोज्याचं टोक ड्रिलला नुसतं चाटून गेलं. तिने हात मागे ओढला. रबराला बारीकशी चीर पडली होती. तिने ती बोटाने चाचपली आणि कुणालाही काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मात्र हातमोजे खिशातच राहिले.

एका सकाळी मोठी ऑर्डर निघायची होती. ट्रक दारात उभा होता आणि मालकांच्या फोनची रिंग थांबत नव्हती. माणसं कमी पडली म्हणून दीर स्वतः चकत्या वाहत होता. कडा धारदार, म्हणून त्याच्या हातात जाड कातडी हातमोजे. ते बरोबरच होतं. उचलताना घालायचे, हा त्याचाच नियम.

वहिनीच्या ड्रिलला किसाची लांब वेटोळी गुंडाळली गेली होती. ती फटफट हवेत फिरत होती. मशीन बंद करायला वहिनीचा हात बटणाकडे निघालाच होता. दीर मागून जात होता. तिचे भेगाळलेले हात त्याला दिसले, ती वेटोळी दिसली आणि तो म्हणाला, “थांबा वहिनी, तुम्ही नका हात लावू.”

आणि त्याने हात घातला.

आवाज फार मोठा झाला नाही. एक गचका बसला, मशीनचा पट्टा चर्रकन घसरला आणि दीर मशीनला जाऊन भिडला. हातमोजा पिळून ड्रिलभोवती आवळत चालला होता आणि आत त्याचा हात होता.

वहिनीने बटणावर मूठ मारली. मशीन थांबली, पण पीळ तसाच राहिला. लेथवाला धावत आला आणि दिराचा खांदा धरून ओढू लागला.

“ओढू नका!” वहिनी अशी किंचाळली की तो जागीच थिजला. “ओढलं तर बोटं तुटतील. नुसता आधार द्या त्यांना.”

तिने मशीनचा मेन स्विच पाडायला लावला. मग उघड्या हातांनी, ड्रिल ज्यात घट्ट बसतं तो गोल चक धरला आणि उलटा फिरवू लागली. तो तेलाने बुळबुळीत झाला होता, हात घसरत होते. भेगांतून रक्त निघालं, ते तेलात मिसळलं, आणि कुणाचं रक्त कुठलं ते कळेना. थोडं फिरलं. दीर कण्हला.

“भाऊजी, माझ्याकडे बघा. हाताकडे नका बघू.”

“बोटं आहेत का?”

“आहेत.” तिला खरं काही दिसत नव्हतं.

आणखी एक फेरा उलटा गेला. पीळ सैल झाला. लेथवाल्याने पात्याने मनगटाजवळ हातमोज्याचं कातडं कापलं आणि हात बाहेर आला. वहिनीने बोटं मोजायचा धीर केला नाही. तिने खुंटीवरची ओढणी काढून त्या हाताभोवती गुंडाळली आणि त्याच ट्रकमध्ये त्याला बसवलं. ऑर्डर तशीच राहिली.

इस्पितळाच्या बाकावर नवरा येऊन तिच्याशेजारी बसला. एकदा उठला, ऑपरेशनच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. मग म्हणाला, “मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही गं.” आणि डोळ्यांवर हात ठेवून बसला. त्याचे खांदे हलताना वहिनीने पहिल्यांदाच पाहिले.

दोन बोटं मोडली होती, मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं. अंगठा वाचला. डॉक्टर म्हणाले, ओढलं असतं तर काहीच उरलं नसतं.

चौथ्या दिवशी मालक भेटायला आले. बाहेर व्हरांड्यात त्यांनी वहिनीला बाजूला घेतलं. अपघाताची चौकशी होणार होती. “तुम्ही हातमोजे घालायचात म्हणे. तुमच्या मशीनवर झालं हे. तेव्हा म्हणायचं की चूक तुमची...” पुढचं त्यांना बोलवेना.

दार उघडं होतं आणि आत खाटेवर दीर जागा होता.

“मालक,” तो म्हणाला, “हातमोजे माझे होते. मशीन चालू असताना हात मी घातला. नियम मीच केला आणि मीच मोडला. वहिनीचं नाव कुठेही आलं तर टाकीतलं पाणी किती जुनं होतं, तेही मी सांगेन.”

मालक निघून गेले. नवऱ्याने भावाच्या उशाशी जाऊन पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला. “हळू पी,” म्हणाला. मधे वहिनीची गरज लागली नाही.

कारखान्यात टाकी धुतली गेली, नवं कूलंट आलं. ड्रिलभोवती जाळी बसली आणि किस काढायला लांब आकडा आला. मशीन बंद करायला पायाशी पट्टी बसवली. वहिनीच्या हातांच्या भेगा भरायला वेळ लागला, पण भरल्या.

तोवर ती चकत्या तपासायच्या टेबलापाशी बसली. ड्रिलकडे पाठ करून. मागे मशीनचा आवाज झाला की तिच्या मानेवर काटा यायचा. दीर कामावर परतला आणि चकत्यांवर खुणेची खडूची रेघ डाव्या हाताने ओढायला शिकला. त्याच्या रेघा आधी वाकड्या यायच्या आणि तो स्वतःच हसायचा.

एके दिवशी ड्रिलवरचा माणूस आला नाही. कुणी तिला सांगितलं नाही, विचारलंही नाही. वहिनी उठली आणि मशीनपाशी गेली. दीर काम सोडून पाहत राहिला, पण जागचा हलला नाही.

तिने बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. चकती शिकंज्यात आवळली, एकदा हलवून पाहिली. पाय खालच्या पट्टीजवळ ठेवला. मग तिने बटण दाबलं.