उघाडीच्या सहा फळ्या

गेल्या आषाढात सासूबाईंनी आपल्या पलंगाखालचे पापडाचे डबे बाहेर काढले आणि तिथे सहा फळ्या कोंबल्या. ओल्या, डांबर फासलेल्या, खाडीचा वास मारणाऱ्या.

"आई, हे घर आहे की वखार?"

"गप ऱ्हा. दुसरा टोक धर."

शालूबाई माझ्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि जीभ अशी की वागळे इस्टेटच्या कारखान्यातली करवत परवडली.

ज्या पार्कात तुम्ही महागडे बूट घालून चालायला येता ना, तिथे आधी मिठागर होतं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या इथे आल्या आणि उन्हात मीठ ओढायला लागल्या. पायाच्या भेगांत मीठ जायचं, ते सांगताना आजही मालकाला शिव्या घालतात. पुढे मिठागर बंद पडलं. ट्रकवाल्यांनी तिथे डेब्रिज ओतलं, त्यावर पोरांनी क्रिकेटची पिच केली, मग कुंपण आलं, हिरवळ आली, जॉगिंग ट्रॅक आला, गेटवर वॉचमन बसला. सगळं बदललं, फक्त बांधातली उघाडी तेवढी राहिली.

उघाडी म्हणजे बांधाला ठेवलेलं दार. उधाणाची भरती आली की खाचेत फळ्या सोडायच्या, खाडी बाहेरच राहते. ओहोटीला फळ्या काढायच्या, गावातलं पाणी खाडीत जातं. हे काम आधी त्यांचे सासरे धाकू करायचे, मग माझे सासरे पंढरी, आणि ते गेल्यापासून शालूबाई. कोणी नेमलं नाही, कोणी विचारलंही नाही.

पार्कच्या ठेकेदाराच्या इंजिनिअरला नेमका तिथेच सेल्फी पॉइंट हवा होता. उघाडी सिमेंटने बुजवायची म्हणे.

"आजी, पाणी काढायला पंप बसवू की."

"आनि लाईट गेली मंग? तुजा बापूस उपसंल पानी?"

त्याने ऐकलं नाही. फळ्या उपटून फेकल्या, भोकात वाळूच्या गोण्या रचल्या. पार्कचं उद्घाटन झालं की सिमेंट ओतायचं ठरलं. चार दिवसांत आमच्या मोरीतून घाण पाणी उलटं वर यायला लागलं. अख्ख्या गावाच्या घरात गटार शिरणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. फेकलेल्या फळ्या तेव्हाच आम्ही दोघींनी उचलून आणल्या.

आणि उद्घाटनाचा मुहूर्त कोणता काढावा? नारळी पौर्णिमा, दुपारी साडेबारा! अहो, आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, पुनवेला दुपारी खाडी तुडुंब भरते. ह्यांनी सुट्टी बघितली, पाणी नाही बघितलं.

त्या सकाळी सासूबाई नारळ घेऊन उघाडीवर निघाल्या. दरवर्षी तिथेच खाडीला नारळ देतात. वॉचमनने गेटवर अडवलं. पाहुणे येणार, पास लागतो. मला वाटलं, आता नारळ ह्याच्याच डोक्यात फुटतो. पण बाई हसल्या, घरी आल्या आणि तोच नारळ खवायला बसल्या.

पावणेएकला इंजिनिअर आमच्या दारात. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. गोण्या वाहून गेल्या होत्या, खाडी मंडपात शिरली होती.

"आजी, फळ्या द्या!"

सासूबाई नारळीभात खात होत्या. "बस. भात खा."

मंडपानंतर पाणी आमच्याच दारात येणार होतं. "आई, द्या ना!"

"चूप. येल हाय अजून, मना ठाव हाय." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "लिवून दे."

बिचाऱ्याने निमंत्रणाच्या कार्डामागे लिहिलं: उघाडी बुजवणार नाही, फळ्यांचा ताबा श्रीमती... पेन थांबलं. "आजी, पूर्ण नाव?"

"माजा नको. मी आज हाय, उद्या नाय. हिचा लिव. कल्पिता."

मी? खाडीपासून लांब, वर्तकनगरच्या कॉलनीत वाढलेली मी! एकवीस वर्षं खाडीचा वास येतो म्हणून नाकाला पदर लावलेला. "आई, मला नाही जमणार."

"मनापन कोनी शिकवला नवता. टोक धर."

गेटवर वॉचमन न सांगता बाजूला झाला. पाहुणे खुर्च्यांवर चढून उभे होते. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पहिली फळी पाण्याने माझ्याच अंगावर फेकली. बांधावरून आवाज आला, "तिरकी घाल गं भवाने, मंग दाब!" घातली. दाबली. सहावी बसली तेव्हा आत येणारं पाणी थांबलं. नारळ तर खवून झालेला, म्हणून सासूबाईंनी नारळीभाताची मूठ खाडीत सोडली.

इंजिनिअरने त्यांना विचारलं, "आता हे आतलं पाणी कधी जाईल?"

"तिला इचार."

मी तोंड उघडलं आणि उत्तर आपोआप आलं. "ओहोटी लागू दे. साडेतीनला फळ्या काढते." एकवीस वर्षं कानावर पडलेलं कुठे जाणार?

कार्ड लॅमिनेट करून ठेवलंय. पण कागदाचा काय भरवसा? उधाण सरलं की फळ्या आम्ही घरीच आणतो. कोणाला पुन्हा सिमेंट ओतायची हौस आली, तर त्याने आधी पलंगाखाली हात घालून दाखवावा. सासूबाईंच्या नाही, माझ्या.